त्याची उडी जमिनीवर येते तेव्हा

त्या माणसाला आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते चुकून. ह्यांचं उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच आठवडे झाले होते. हे खुर्चीत, मांडीखाली उशी, समोर टीव्ही. टीव्हीवर कोकणातल्या कुठल्याशा गावची जाखडी चालू होती. ती संपली आणि टीव्हीने स्वतःच्या मनाने पुढचा नाच लावला. भलामोठा रंगमंच, खाली वाद्यवृंद, आणि एका कोपऱ्यात अंगाला चिकटलेली पांढरी विजार घालून उभा असलेला एक गोरा पुरुष.

"हा पँट घालायचा विसरला काय गो?" हे म्हणाले.

मी रिमोट शोधत होते. दार उघडं होतं, शेजारचं कोणी डोकावलं तर काय म्हणेल ही माझी काळजी. रिमोट हाताला लागेपर्यंत तो माणूस चार पावलं धावला आणि वर गेला. मी बटण दाबलं नाही. तो खाली आला, पुन्हा वर गेला, असा सगळ्या रंगमंचाला त्याने गोल फेरा घातला, आणि शेवटी एका जागी भिंगरीसारखा फिरून असा थांबला की जणू तो कधी हललाच नव्हता.

ह्यांचं हसू थांबलं होतं. "मागे घे," म्हणाले. "पुन्हा दाखव."

याला बॅले म्हणतात एवढं मला माहीत होतं. पण बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर उभी राहणारी मुलगी, अशी माझी समजूत. पुरुष त्यात एवढं काही करतो हे ठाऊक नव्हतं. नर्तकाचं नाव खाली आलं होतं; ते मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

आमच्या घरात नाच म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं माहेर गिरगावचं. आमच्याकडे कोणी नाचत नसे. सासर परळचं, मूळ रत्नागिरीकडचं. सासरे गिरणीत होते. त्यांच्या गावची माणसं गणपतीत जाखडी नाचतात. मधे बुवा गाणार, ढोलकी आणि झांज वाजणार, आणि भोवती पुरुषांचं रिंगण फिरणार. प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. फक्त उजव्या. तो पाय जमिनीवर पडला की सगळे चाळ एकदम वाजले पाहिजेत. एक जरी मागे-पुढे झाला तरी बुवाची मान वळते. मुंबईत या मंडळींची मंडळं आहेत, आणि दोन मंडळांचे सामने दादरच्या नाट्यगृहात तिकीट लावून होतात.

ह्यांना नाचताना मी लग्न ठरल्यानंतर पहिल्यांदा, अशाच एका सामन्यात पाहिलं. त्याआधी ते मला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत सुपरवायझर असलेले, कमी बोलणारे गृहस्थ वाटले होते. रिंगणात ते पहिल्या जोडीत होते. मी हिशेबी बाई आहे. हिंदमाताला कापडाच्या घाऊक दुकानात स्टॉक सांभाळते, मीटरमध्ये बोटभर फरक पडला तरी मला दिसतो. ह्यांच्या नाचात मला तसा फरक कधी सापडला नाही. सगळ्यांचे पाय ठेक्यावर पडत. ह्यांचा पाय पडला म्हणजे ठेका पडला, असं वाटे. कौतुक मी तोंडावर फारसं केलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

पुढे खुबा दुखायला लागला. हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन ते आतून मरत चाललं आहे, असं निघालं. ते कशामुळे, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. गावाला शेणाने सारवलेल्या खळ्यात नाचायचा नाच ही मंडळी मुंबईत मंडळाच्या खोलीत, सिमेंटच्या लादीवर, तितकाच पाय आपटून नाचत आली. माझा संशय तिथे आहे. पण तो माझा संशय आहे. डॉक्टरांच्या तोंडी मी तो घालणार नाही.

नवा सांधा बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल, कामावर जाल. पण उड्या नाहीत, पाय आपटणं नाही, खाली मांडी घालून बसणं नाही."

"आणि नाच?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "लग्नाच्या वरातीत हात वर करून नाचा की खुशाल."

घरी आल्यावर ह्यांनी फोन लावून मंडळाच्या बुवांना सांगितलं, "नाचायला हरकत नाय म्हणाले." मी शेजारीच उभी होते. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी ते तिथल्या तिथे सांगितलं, तर फोनवर हात ठेवून म्हणाले, "नाच बोलले की नाय? मग?"

गणपतीनंतर दादरला सामना होता. ह्यांना त्या रिंगणात पुन्हा उभं राहायचं होतं. एकदाच. ऑपरेशनला जातानाही त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

अशा दिवसांत तो बॅलेवाला आमच्या घरात आला आणि राहिला. मी दुकानातून यायची तेव्हा तो टीव्हीवर असायचा, बहुतेक वेळा हवेत थांबवलेला. ह्यांना इंग्रजी फारसं येत नाही, त्यामुळे समालोचन काय सांगतं याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. ते पाय बघत. माझ्या हातात चहाचा कप येण्याआधी मला दाखवायला सुरुवात करत.

"हे बघ. पाय कुठून वळवलाय? गुडघ्यातून नाय. खुब्यातून. पाऊल बाजूला बघतंय, गुडघाही बाजूला बघतोय, आणि छाती आपल्याकडे. जन्मभर खुबा असा उघडा ठेवायचा म्हणजे काय?"

किंवा, "गिरकी बघ. अंग निघून गेलं तरी तोंड इकडेच. अगदी शेवटी तोंड निघतं आणि सगळ्यांच्या आधी परत येतं. म्हणून चक्कर येत नाय त्याला."

एकदा तो त्या मुलीला एका हातावर उचलतो, तो प्रसंग ह्यांनी चेहऱ्यावर थांबवला. "आमच्या वखारीत फळी उचलणाऱ्याचं तोंड बघितलंयस? दात दिसतात. ह्याच्या कपाळाला आठी आहे का एक तरी? वजन आहेच की. पण ते तो आपल्याला दाखवत नाय."

मलाही आता बघायची ओढ लागली होती. मला एकच गोष्ट छळत होती. हा माणूस वर गेल्यावर क्षणभर तिथेच राहतो असं दिसायचं. तसं होणं शक्य नाही. फेकलेली वस्तू कमानीत जाते आणि कमानीत खाली येते, मग तो दगड असो की माणूस. एका रविवारी मी ह्यांना म्हटलं, रिमोट माझ्याकडे द्या. त्या उडीच्या वेळी कॅमेरा हलत नाही हे मागच्या खांबाकडे बघून आधी पक्कं केलं. मग चित्र थोडं थोडं पुढे सरकवत, त्याचं डोकं जिथे असेल तिथे टीव्हीच्या काचेवर एक काळी टिकली लावत गेले. कमरेच्या जागी लाल टिकली.

लाल टिकल्यांची कमान झाली, व्हायला हवी तशी. काळ्या टिकल्या वर चढल्या, मग बराच वेळ एका आडव्या ओळीत गेल्या आणि मग उतरल्या. कंबर कमानीत जात होती. पण ती सगळ्यात वर पोचते नेमक्या त्या वेळी तो दोन्ही पाय आणि हात वर उचलत होता. उडीचा वरचा भाग हातापायांच्या उचलण्यात खर्च होत होता, आणि डोकं होतं त्या उंचीवर सरळ पुढे जात होतं. बघणारा डोकं बघतो. म्हणून त्याला वाटतं, हा थांबला.

हे टिकल्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. तेवढ्यात बुवा आले. बुवा म्हणजे मंडळाचे गाणारे, ह्यांचे लहानपणापासूनचे सोबती.

"वहिनी, टीव्हीला मळवट भरलात की काय!"

"बस रे," हे म्हणाले. "बघ. ठेका कुठे घेतो बघ."

वाद्यांचा जोरकस ठोका पडला तेव्हा तो नर्तक वर होता, पाय सगळ्यात जास्त उघडलेले. बुवांनी मांडीवर बोटांनी ताल धरून दोनदा तपासलं. "अरे, हा वर वाजवतो!"

"आणि आपण खाली," हे म्हणाले. "खाली येतो तेव्हा त्याचा आवाज ऐक. नाहीच. आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि टाच टेकायच्या आत गुडघा वाकायला लागलेला. हा जमिनीला मारत नाय. हातात अंडं घ्यावं तशी जमीन घेतो."

बुवा गेल्यावर ह्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. डॉक्टरांनी आपटायला मनाई केली आहे, पाय टेकायला नाही. मग पाय जर असा घेतला, तर सांध्याला दणका बसणारच नाही. नाच तोच, फक्त उतरण्याची रीत ह्याची.

मी लगेच नाही म्हटलं नाही. मला ते मोजता येण्यासारखं होतं. घरात वजनकाटा आहे. त्याच्या शेजारी पाट ठेवला आणि ह्यांना ओट्याला धरून पाटावरून काट्यावर उतरायला लावलं. नेहमीसारखं उतरले तेव्हा काटा त्यांच्या वजनाच्या कितीतरी पुढे उसळून मागे आला. मग त्या नर्तकासारखं, बोटांपासून गुडघ्यापर्यंत मोडत उतरले. काटा जेमतेम थोडा पुढे गेला. आम्ही दोघांनी पुन्हा करून पाहिलं. आकडा ह्यांच्या बाजूने होता, आणि आकडा बाजूने असला की मी वाद घालत नाही. त्या दिवशी मीही धरून चालले की हे होईल.

त्यानंतर ह्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी ओट्याला धरून चवड्यांवर चढायचं, सावकाश उतरायचं. पायाचे व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांनाही नवल वाटलं. त्या म्हणाल्या, काका फार छान पाय टेकतात. ते कशासाठी, हे त्यांना आम्ही सांगितलं नाही. बावन्न वर्षांचा, वखारीत लाकूड मोजणारा माणूस स्वयंपाकघरात एका परदेशी नर्तकाचा विद्यार्थी झाला होता, आणि विद्यार्थी हुशार होता. पाठ सरळ झाली. चालताना मान वर राहू लागली.

मी एकदा त्या नर्तकाबद्दल वाचायला घेतलं. आम्ही बघत होतो तो कार्यक्रम जुना निघाला. तो आता नाचत नाही, शिकवतो. त्याचे खुबे कसे आहेत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

श्रावणात मंडळाची तालीम सुरू झाली. खोली लालबागला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी ह्यांच्याबरोबर गेले. बायका सहसा तालमीला जात नाहीत, पण मला कोणी काही म्हटलं नाही. पोरांनी ह्यांना बघून ओरडा केला. "काका आले! काका, नवीन पार्ट बसवला म्हणे, वॉरंटी किती?"

"तुझ्या लग्नापर्यंत आहे," हे म्हणाले. "म्हणजे कायमची."

हसणं झालं. ह्यांनी उजव्या पायात चाळ बांधले, पहिल्या जोडीतली आपली जागा घेतली. बुवांनी ढोलकीवाल्याला खूण केली.

मी भिंतीला टेकून बघत होते. मला खरं तेच सांगायचं आहे: मी ह्यांना इतकं सुंदर नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. बाकीचे तरुण, जोरकस, पण प्रत्येक पाऊल पडून जायचं. ह्यांचं पाऊल हवेतून उतरायचं. बोटं, चवडा, टाच, आणि गुडघा ते सगळं आत घ्यायचा. खांदे अजिबात हलत नव्हते. लादीवर नाही, कशावर तरी तरंगत फिरावं तसे ते त्या रिंगणात फिरत होते. मी जे टीव्हीवर बघत होते ते परळ-लालबागच्या एका माणसाच्या अंगात उतरलं होतं.

मग कोणीतरी म्हणालं, "काका म्यूटवर गेले रे!"

सगळे हसले, हेही हसले. पण खरं होतं. ह्यांचे चाळ वाजत नव्हते. पाय दणका देऊन थांबला की घुंगूर वाजतो. ह्यांचा पाय थांबतच नव्हता, वाकत जात होता. नुसती किणकिण यायची, आणि तीही ठोका होऊन गेल्यावर. त्यात गुडघा वाकायला जो वेळ लागायचा तेवढे हे दर फेरीला मागे राहायचे. मागचा पोरगा ह्यांच्या पाठीवर आदळला. "सॉरी काका." पुन्हा सुरू झालं. पुन्हा आदळला.

बुवांनी हात वर केला. ढोलकी थांबली.

"पाय टाक रे."

"टाकतोय की."

"टाकत नाहीस. ठेवतोयस."

मी स्वयंपाकघरात मोजलं होतं ते वजन. ज्या दणक्याला मी काट्यावर कमी करत होते, त्याच दणक्यावर हा सगळा नाच उभा आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं असं नव्हे. ते ह्यांच्या लक्षात यायला हवं होतं, आणि तिथे उभी असताना मला कळलं की ते ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ठेका वर आणि ठेका खाली, हे त्यांनीच बुवांना दाखवलं होतं. माहीत असूनही ते आठवडेच्या आठवडे ओट्याला धरून चवड्यांवर चढले होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"परत घे," हे बुवांना म्हणाले.

ढोलकी सुरू झाली. पहिल्या फेरीत ह्यांनी पाय तसाच घेतला. दुसऱ्या फेरीत, ठोक्याच्या अगदी आधी, मला त्यांचा खांदा हलताना दिसला आणि मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी पाय टाकला. पूर्वीसारखा. सगळे चाळ एक झाले, खिडकीची तावदानं थरारली, पोरं ओरडली, बुवांचं तोंड उजळलं. सगळ्यांना वाटलं, काका परत आले.

हे रिंगणातून बाहेर आले होते. भिंतीवर तळहात टेकवून उभे होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. चेहऱ्यावर एक आठी नव्हती. मी त्यांच्या कानाशी विचारलं, "दुखलं?"

"नाय."

"मग?"

"आतून कळलं," ते म्हणाले. "असे दणके अजून थोडेच आहेत ह्याच्यात."

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला; वाकायचं नाही म्हणून मीच खाली बसून त्यांच्या पायातले चाळ सोडले. बुवा आले. "अरे, तू मधे बस माझ्याबरोबर. झांज घे. स्टेजवर तर असशील."

"माझा हात झांजेचा नाय."

"शिकशील."

"आता काय शिकायचं ते शिकून झालं," हे म्हणाले, आणि मागच्या जोडीतल्या एका पोराला पुढे बोलावून आपल्या जागेवर उभं केलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याला थोडं डावीकडे सरकवलं. तालीम पुढे सुरू झाली. रिंगणाला काहीही कमी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. सांधा जागेवर होता. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हसले नाहीत. सामना झाला, आमचं मंडळ जिंकलं की हरलं ते मी विचारलं नाही आणि ह्यांनीही सांगितलं नाही; त्या संध्याकाळी आम्ही घरी जेवलो. मी म्हटलं, तो तुमचा लावू का? म्हणाले, "नको. त्याचं त्याच्याकडे बरं आहे."

मी अधूनमधून एकटी लावते. आता मला त्याची रीत बरीच कळते. चूक कुठे होऊ शकली असती आणि त्याने ती कशी टाळली, तेही कळतं. आनंद होतो असं म्हणता येणार नाही. एवढं मात्र खरं, की इतकं अचूक काही मी दुसरं पाहिलेलं नाही, एक सोडलं तर. आणि ते आता बघायला मिळणार नाही.

तालमीच्या त्या संध्याकाळी आम्ही खोलीतून निघालो तेव्हा मागे ढोलकी चालूच होती. जिना अरुंद, कठड्याचं लाकूड हलतं. व्यायामाच्या बाईंनी नियम घालून दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि डावा पाय पुढे करू लागले.

"उजवा," मी म्हटलं.

त्यांनी डावा मागे घेतला, उजवा खाली ठेवला, मग त्याच पायरीवर डावा आणला. पुढची पायरी उतरण्याआधी पुन्हा थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"उजवा," मी म्हटलं.